पंधरा ते पन्नास: हौद्याच्या गाडीसाठी एक अर्ज

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
परिवहन भवन, नवी दिल्ली

विषय: जुनी पिकअप रोजच्या वापरासाठी घेण्याबाबत, आणि त्या निमित्ताने थोडं अधिक

गडकरीसाहेब,



मला एक जुनी गाडी घ्यायची आहे. 1990 सालची टाटा मोबाइल. पुढे छोटी केबिन, मागे उघडा हौदा. रविवारी पुसून उन्हात उभी करायला आणि शेजाऱ्यांना दाखवायला ती मला नको आहे, रोज चालवायला हवी आहे. गाडी सापडली आहे, मालकाशी किमतीचं जुळलं आहे, माझ्या मिस्त्रीने खालून-वरून तपासून मान डोलावली आहे. घरातून विरोध आहे, पण तो कुठल्याही गाडीला झालाच असता. घोडं अडलं आहे ते आपल्या खात्याच्या दोन आकड्यांपाशी, पंधरा आणि पन्नास.

आपण नागपूरचे, मी चेन्नईत अड्यारला राहणारा मराठी माणूस. तेव्हा सरकारी अर्जाची भाषा बाजूला ठेवून सरळच लिहितो. पत्र उघड लिहितोय, कारण ही अडचण माझ्या एकट्याची नाही. कोल्हापूरपासून कराइकुडीपर्यंत गोठ्यात, शेडमध्ये, चिंचेच्या झाडाखाली अशा गाड्या उभ्या आहेत. त्या चालवू इच्छिणारे लोकही आहेत. त्यांना काय उत्तर द्यायचं, हे आरटीओतल्या टेबलापलीकडच्या माणसालाही ठाऊक नसतं.

आधी गरज सांगतो. माझं काम जुन्या सागवानी सामानाच्या डागडुजीचं. कराइकुडीकडच्या चेट्टिनाडच्या वाड्यांमधून निघालेली बर्मा सागाची कपाटं, पितळी साखळ्यांचे झोपाळे, खांब, दारांच्या चौकटी असं काहीबाही येतं, दुरुस्त होतं आणि नव्या घरी जातं. आजवर दर खेपेला भाड्याची कुट्टी यानै, म्हणजे आपल्याकडचा छोटा हत्ती, बोलवावी लागते. तो वेळेवर आला तर सामान भिजत नाही आणि सामान भिजलं नाही तर तो वेळेवर आलेला असतो. आता स्वतःचं वाहन हवं.

मग नवीच घ्या की, असं कुणीही म्हणेल. छोटा हत्ती 2005 साली बाजारात आला. टाटा मोटर्सच्या गिरीश वाघ यांच्या पुढाकाराने पुण्यात घडलेल्या त्या गाडीबद्दल मला आदरच आहे. पण 702 सीसीच्या दोन सिलिंडरवर कराइकुडीचे चारशे किलोमीटर जायचं म्हणजे उतरल्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत कानात इंजिन वाजत राहतं. बोलेरोचा पिकअप आहे, टाटा योद्धा आहे. दोन्ही टन-दीड टन ओझ्यासाठी बांधलेल्या. एक कपाट टाकून चालवल्या की मागचे पाटे माणसाची हाडं मोजतात. वरच्या टोकाला टोयोटाची हायलक्स. 2022 मध्ये ती आली तेव्हा किंमत 34 लाखांच्या घरात आणि लांबी 5,325 मिलिमीटर. आमचा एल. बी. रोड मेट्रोच्या पत्र्यांनी आधीच अर्धा खाल्ला आहे. कस्तुरबा नगरच्या आडव्या गल्लीत ही सव्वापाच मीटरची गाडी वळवायची, तर आधी दोन्ही बाजूंच्या स्कूटरवाल्यांना घरातून बोलावून आणावं लागेल. मधल्या मापाची, मोटारीसारखी चालणारी आणि गरजेपुरतं ओझं नेणारी पिकअप आज शोरूममध्ये जवळजवळ मिळतच नाही.

ही तक्रार फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेतही छोटी पिकअप नाहीशी झाली आणि त्यामागे एका कराचा मोठा हात होता. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात बसवली, म्हणून अमेरिकेने 1964 पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर 25 टक्के जकात लावली. कोंबड्यांचं भांडण कधीच संपलं, जकात राहिली. पुढे अमेरिकन पिकअप फुगत गेल्या, आणि आता तिकडचे सुतार, माळी, नळकामवाले ऐंशीच्या दशकातल्या टोयोटा आणि डॅटसन शोधत फिरतात. काहीजण पंचवीस वर्षं पूर्ण झालेले जपानी चिमुकले ट्रक बोटीने मागवतात, कारण तितक्या जुन्या गाडीला तिथले आयातीचे सुरक्षा-नियम लागत नाहीत. काही राज्यांनी ते रस्त्यावर आणायला बंदी केली, लोकांनी आरडाओरडा केला, आणि काहींना ती मागे घ्यावी लागली.

आता या गाडीचं कूळ. टाटांच्या टेल्कोने पिंपरीचा कारखाना 1966 मध्ये उभारला, तो सुमंत मुळगावकरांच्या देखरेखीखाली. ट्रक बनवणाऱ्या त्या कंपनीने 1988 मध्ये टाटा मोबाइल काढली, आणि ट्रकच्या खालच्या, मोटारीच्या शेजारच्या इयत्तेत पहिलं पाऊल टाकलं. 1948 सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाच गिअर, मागे पाटे. याच सांगाड्यावर 1991 मध्ये सिएरा उभी राहिली, 1992 मध्ये इस्टेट आली. 1994 ची सुमो, जिचं नावच मुळगावकरांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आलं, तीही सुरुवातीला हेच इंजिन घेऊन धावली. महाराष्ट्रात ज्या सुमोने वऱ्हाडं नेली, निवडणुका लढवल्या आणि वडापचा धंदा केला, तिची थोरली बहीण ती हीच. टाटांनी पुढे मोटारी काढल्या त्या या पायरीवरून वर चढून. सिएराचे चाहते आज जागोजागी भेटतात, तिच्या फोटोंवर उसासे टाकतात. पायरीला मात्र कोणी विचारत नाही.

कामाच्या गाड्यांचं सगळीकडे हेच होतं. मी राहतो त्या शहरात, ताम्बरमच्या पुढे पेरुंगलत्तूरला, स्टँडर्ड मोटर्सचा कारखाना होता. तिथली 1961 ची हेरल्ड आजही एखाद्या म्हातारबाबांच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली सापडते. त्याच कारखान्याची स्टँडर्ड 20 ही मालवाहू गाडी, जिने मद्रासचं निम्मं सामान वाहिलं असेल, ती दाखवा म्हटलं तर शोधत बसावं लागतं. आकुर्डीच्या मॅटाडोरचं तेच, महिंद्राच्या चपट्या तोंडाच्या एफसीचं तेच. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीला निदान निरोप तरी मिळाला. शेवटची 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली तशी 30 ऑक्टोबर 2023 पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी पानं भरून लिहिलं, लोकांनी डोळे पुसले. मॅटाडोर कधी गेली ते कोणाच्या लक्षातही नाही.

आणि कामाच्या गाड्या विसरल्या जाण्याला आपल्या खात्याचा नियमही हातभार लावतो. जुलै 2021 मध्ये आपण व्हिंटेज गाड्यांची स्वतंत्र नोंदणी सुरू केलीत. त्याआधी या विषयाला देशभर एकसारखा नियम नव्हता, म्हणून त्याचं मी मनापासून स्वागत केलं होतं. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी. नव्या नोंदणीला वीस हजार, नूतनीकरणाला पाच हजार. पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. पण त्यात दोन अटी आहेत. गाडी खासगी वापराची असली पाहिजे, व्यापारी नव्हे. आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची.

म्हणजे माझी गाडी 2040 साली पन्नाशीची होईल. पण ती मालवाहू म्हणून नोंदलेली आहे, त्यामुळे तेव्हाही तिला तो मान मिळणार नाही. आणि मिळालाच तर त्या दिवसापासून तिला काम करायला बंदी. राजेरजवाड्यांची ब्युइक जपण्यासारखी आणि भाजीबाजाराची पिकअप भंगारात घालण्यासारखी, असं आपल्याला म्हणायचं नव्हतं हे मी समजतो. नियमातून निघतो तो अर्थ मात्र तोच आहे.

दुसरा आकडा पंधराचा. माझी गाडी साधी मोटार असती तर तिचं गणित सरळ होतं. पंधरा वर्षांनी आरसीचं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी पुन्हा. एप्रिल 2022 मध्ये त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली, 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार झाली. वर राज्याचा हरित कर. महाग आहे, पण रस्ता आहे. दिल्लीत तोही बंद झाला होता, तिथे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची रेघ आखली गेली होती; पण चेन्नई दिल्ली नव्हे.

पिकअपला मात्र हा रस्ताच बंद, कारण ती मालवाहू. पाटी पिवळी, आठ वर्षांनंतर दर वर्षी पासिंग, आणि तेही भाडं मारणाऱ्या ट्रकच्या रांगेत, ट्रकच्या हिशेबाने. गंमत पाहा, 3,000 किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्यात परमिटच लागत नाही. ती चालवायला साधं मोटारीचं लायसन पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी 6 नोव्हेंबर 2024 ला स्पष्ट केलं आहे. साडेसात हजार किलोपर्यंत ती मुभा आहे. म्हणजे परमिटच्या दृष्टीने ही गाडी नगण्य, लायसनच्या दृष्टीने मोटार, आणि पासिंगच्या दृष्टीने ट्रक. बरं, हौदा असला की गाडी खासगी होऊच शकत नाही असंही नाही. इसुझूची व्ही-क्रॉस चेन्नईजवळच्या श्रीसिटीत बनते आणि पांढऱ्या पाटीवर बंगल्यासमोर उभी राहते. हायलक्सचंही तसंच. मग जुन्या टाटा मोबाइलचा मालवाहूपणा खोडून ती खासगी का करता येऊ नये? मी चौकशी केली. एका कार्यालयात म्हणाले होईल, दुसऱ्यात म्हणाले नियमात बसत नाही, तिसऱ्यात विचारलं की कशाला या भानगडीत पडता, सार? तिघेही सज्जन होते. तिघांसमोर एकच स्पष्ट परिपत्रक असतं तर उत्तरही एकच आलं असतं.

गाडी बघायला गेलो त्या दिवसाचं थोडं सांगतो, म्हणजे मी स्वप्नात नाही हे आपल्याला कळेल. अड्यारचा समुद्र हाकेच्या अंतरावर आहे आणि इथली खारी हवा पत्र्याचा जीव घेते. माझा मिस्त्री इंजिनकडे गेलाच नाही. त्याने खिशातून लोहचुंबक काढला आणि दाराच्या खालच्या कडेवरून फिरवत नेला. जिथे चुंबक खळकन चिकटला तिथे पत्रा, जिथे घरंगळला तिथे आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. उजव्या दाराखाली वीतभर लांबी निघाली, डावीकडे पत्रा साफ. मग तो हौद्याखाली सरपटत गेला आणि चॅसीच्या पट्टीवर, पाट्याच्या बिजागरीपाशी, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोकत गेला. भरीव आवाज आला की पुढे, बद्द आवाज आला की थांबून टोक रुतवून बघायचं. एका जागी गंजाचा पापुद्रा उडाला, खाली लोखंड शाबूत होतं. शेवटी रॉकेलच्या बोळ्याने ग्रीसचा थर पुसून त्याने चॅसी नंबर उघडा केला, वर कागद धरून पेन्सिल घासली आणि आकडे एकेक करून कागदावर उमटले. एकही अक्षर गंजाने खाल्लेलं नव्हतं. त्याने कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, इंजिन कधीही होतं सार, हा नंबर पुन्हा होत नाही.

मग सेल्फ मारला. हिटर तापेपर्यंत थांबलो, तिसऱ्या फेरीला इंजिन धरलं. पहिला धूर निळसर, मग करडा, मग जवळजवळ नाहीसा. फाळका एका बाजूने वाकडा आहे, तो लोहाराकडे सरळ होईल. पंप आणि नोझल काढून बाकावर तपासून घ्यायचे आहेत. क्लच प्लेट बदलायची आहे. यातलं काहीही मिळायला अडचण नाही. नवे भाग माउंट रोडलगतच्या जनरल पॅटर्स रोडवर, जुने एग्मोरजवळच्या पुदुपेट्टैत. सुमोचं उत्पादन 2019 पर्यंत चाललं, त्यामुळे याच घराण्यातल्या गाड्यांचे भाग देशभरच्या भंगारबाजारांत पडून आहेत. मुंबईत कुर्ल्याला जावं तसं इथे पुदुपेट्टैला जायचं. या गाडीत पाणी शिरून बिघडेल असा कसलाही संगणक नाही. चेन्नईत याचं मोल काय, ते 2015 च्या डिसेंबरात अड्यार नदी घरात शिरलेल्यांना विचारा. पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये पावसाचा नुसता इशारा आला, तर लोकांनी नव्या मोटारी वेलाचेरीच्या उड्डाणपुलावर नेऊन रांगेने उभ्या केल्या होत्या.

आता धुराचं बोलतो, कारण आपण तेच म्हणाल, आणि म्हणायलाच हवं. देशात मोटारींच्या धुराचं भारत स्टेज मानक 2000 साली आलं. त्या पहिल्या पायरीत डिझेल मोटारीला किलोमीटरमागे 140 मिलिग्रॅम सूक्ष्म कणांची मुभा होती. आजच्या बीएस-6 मध्ये ती 4.5 मिलिग्रॅम आहे. म्हणजे तीस पटींहून जास्त फरक, आणि माझी गाडी तर त्या पहिल्या पायरीच्याही आधीची. वर्षाला आठ हजार किलोमीटर चालवली तरी कणांच्या हिशेबात ती नव्या गाडीच्या अडीच लाख किलोमीटरची बरोबरी करेल. नवी गाडी घडवायला लागणारं पोलाद आणि वीज मी वाचवतो, हे खरं आहे. पण ते पोलाद वाचल्याने अड्यारच्या सिग्नलवर माझ्यामागे उभ्या असलेल्या स्कूटरवरच्या पोराच्या छातीत जाणारा धूर कमी होत नाही. हा हिशेब माझ्या बाजूचा नाही.

सुरक्षेचंही तसंच. एअरबॅग नाही, एबीएस नाही. 1990 च्या ब्रेकवर 2020 नंतरच्या महामार्गावर ताशी शंभरने जायचा हट्ट धरणाऱ्याला परवाना देऊच नये.

म्हणून मी सरसकट सूट मागत नाही. माझं म्हणणं एवढंच की गाडीला तिच्या जन्मसालावरून निकालात काढू नका, तपासून काढा. आपल्या 2021 च्या वाहन-भंगार धोरणाचा पायाही हाच आहे, की तपासणीत जी अयोग्य ठरेल ती जाईल. रोलरवर ब्रेक तपासणारी, चाकांचा तिरपेपणा मोजणारी स्वयंचलित केंद्रं त्यासाठीच उभी राहत आहेत. यंत्राला गाडीचं वय कळत नाही, ब्रेक कळतो. मग त्या यंत्राचा निकाल मानायची तयारी आपण दोघांनी ठेवू या.

जर्मनीने हे करून दाखवलं आहे. तिथे 1997 पासून तीस वर्षांवरच्या गाडीला पाटीच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळतं. त्यासाठी जाणकाराचा दाखला लागतो, की गाडी मूळ रूपात आणि चांगल्या स्थितीत आहे. मग वर्षाला ठरलेला एकच कर, मोटारीला 191 युरोंच्या आसपास. ती गाडी रोज वापरायलाही मोकळीक, आणि जुन्या मालवाहू गाड्यांनाही ही पाटी मिळते. ब्रिटनमध्ये चाळिशी ओलांडलेली आणि फारशी न बदललेली मोटार वार्षिक तपासणीतूनही सुटते. ते मला जास्तच सैल वाटतं, तपासणी हवीच. पण दोन्ही देशांनी एक गोष्ट मान्य केली आहे, की गाडी म्हातारी असूनही चालती असू शकते. आपल्या नियमात ती पंधरापर्यंत कामाची, पन्नासनंतर शोभेची, आणि मधली पस्तीस वर्षं संशयित.

माझ्या मागण्या चार आहेत.

पहिली, एकूण वजन 3,000 किलोच्या आत असलेली, तीस वर्षं पूर्ण झालेली मालवाहू गाडी स्वतःच्या वापरासाठी खासगी म्हणून नोंदवता यावी, आणि त्याचं एकच परिपत्रक सगळ्या राज्यांना जावं. भाड्याने माल नेला तर नोंदणी रद्द, असा दंडही त्यात घाला.

दुसरी, तीस ते पन्नास वयाच्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग काढा. पाटीवर कुठलंही अक्षर द्या. अट दर वर्षी पासिंगची ठेवा. पीयूसीत जुन्या डिझेलला धुराच्या घनतेची मर्यादा 65 हार्ट्रिज एकक आहे, बीएस-4 ला 50 आहे. या वर्गाला 50 चीच लावा. पंप-नोझल नीट ठेवणाऱ्याने ती गाठावी, नाही गाठता आली तर गाडी घरी उभी करावी. वर्षाला किलोमीटरची मर्यादा घाला, मीटरची नोंद पासिंगच्या वेळी घ्या. वेगाची मर्यादा घाला, सीटबेल्ट सक्तीचे करा. ज्या शहराची हवा फार बिघडलेली आहे तिथे हा वर्ग लागू नसावा, हेही मला मान्य आहे. आणि ज्याला इंजिन काढून बॅटरी बसवायची आहे, त्याला पुण्याच्या एआरएआयच्या मानकांप्रमाणे ती बसवू द्या. मूळ रूप बिघडलं म्हणून त्याला वर्गाबाहेर काढू नका. उद्या माझं इंजिन खरंच थकलं तर मी त्याच वाटेने जाईन.

तिसरी, व्हिंटेजच्या व्याख्येतली ‘खासगी वापराची’ ही अट काढून टाका. टेंपो, टॅक्सी, पिकअप, बस यांनाही पन्नाशीनंतर त्या यादीत येऊ द्या. देश कोणत्या गाड्यांनी बांधला, हे पुढच्या पिढीला फक्त महाराजांच्या मोटारी बघून कळणार नाही.

चौथी मागणी पुदुपेट्टैची आणि कुर्ल्याची. अधिकृत भंगार केंद्रं वाढत आहेत, चांगलं आहे. पण तिथे शिरलेल्या गाडीचं चांगलं स्टार्टर, दरवाजा, डिफरन्शियल हे दाबून लोखंडाचा ठोकळा होण्याआधी नोंद करून विकलं जावं, आणि जुन्या बाजारातल्या दुकानदारांना त्या साखळीत पावतीसह जागा मिळावी. एकीकडे जुनी गाडी राखा म्हणायचं आणि दुसरीकडे तिचे भाग विकणाऱ्याकडे चोर म्हणून बघायचं, हे जमणार नाही. ज्या वस्तीत तीन पिढ्या गाड्या सोडवत आल्या आहेत, तिथलं ज्ञान कुठल्याही केंद्राच्या यंत्रात नाही.

यामुळे रस्ते जुन्या गाड्यांनी भरून जातील अशी भीती कुणी घालेल. तसं होणार नाही. तीस वर्षांची पिकअप राखणं स्वस्त नाही, सोयीचं तर मुळीच नाही. पावसाळ्यात केबिन गळते, उन्हाळ्यात एसी नाही, आणि दर दोन महिन्यांनी काहीतरी सुटून हातात येतं. एवढं करूनही जो ती ठेवेल, तो ती नीटच ठेवेल. शासनाला अशा माणसाचा त्रास कमी आणि उपयोग जास्त, कारण गाडीचा बोल्ट न् बोल्ट त्याला माहीत असतो.

साहेब, फी वाढवायची तर वाढवा, भरू. वर्षातून एकदाच्या ऐवजी दोनदा बोलवा, येऊ. गाडी रोलरवर चढवा, धुराची नळी लावा, चॅसीवर हातोडी मारा. त्या परीक्षेत ती नापास झाली, तर तुमचा माणूस यायच्या आधी मी स्वतः तिला भंगार केंद्रावर नेऊन पावती घेईन. पास झाली, तर मात्र पुढच्या पासिंगपर्यंत तिचं जन्मसाल कोणी काढू नये. हे एका अधिसूचनेत बसतं, आणि ती अधिसूचना आपल्याच खात्यातून निघते. मालकाने मला महिनाभर थांबायचं कबूल केलं आहे. आपण त्याहून लवकर उत्तर दिलंत तर उत्तमच, नाहीतर मी पिवळ्या पाटीवरच ती घेईन आणि ट्रकच्या रांगेत उभा राहीन. तिथून पुढचं पत्र लिहीन.

आपला नम्र,
अड्यार, चेन्नई येथील एक मराठी रहिवासी